सढळ हाताने तेल नको हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत रिमोटच्या ऑफरोड गाड्यांवर अर्धं पान आलं होतं, वाचून बरं वाटलं, कारण आमच्यासारखी म्हातारी माणसं पण हा खेळ खेळतात असं सांगितलं की लोक हसतात. पण त्यात शेवटी एक वाक्य होतं, की गाडीच्या फिरणाऱ्या सगळ्या भागांना दर आठवड्याला सढळ हाताने तेल द्यावं. त्या एका वाक्यापायी हे पत्र. पुरवणी आली रविवारी आणि बुधवारपर्यंत आमच्या पडवीत तीन पोरं तीन गाड्या घेऊन हजर, तिन्ही गाड्या तेलात तळून काढल्यासारख्या, आणि त्यावर जांभ्याच्या चिरेखाणीची लाल धूळ बसून असा काही राडा झालेला की कुठला स्क्रू कुठे आहे ते बोटाने चाचपून शोधावं लागलं.

मी कोण ते आधी सांगतो. एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, बसचे हब (चाकाचा मधला भाग), क्लच, ब्रेक लायनर यातच जन्म गेला, आता रिटायर होऊन रत्नागिरीत घरी असतो. चार वर्षांपूर्वी मुलाने नातवासाठी ट्रॅक्सस कंपनीची स्लॅश आणली, एकास दहा मापाची म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, मागच्या दोन चाकांवर चालणारी. नातू पुण्याला, सुट्टी संपली की तो परत जातो आणि गाडी माझ्याकडे राहते, मग पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आमच्या घरामागे सडा (जांभ्याचं उघडं पठार) आहे आणि त्याच्या पलीकडे एक बंद पडलेली चिरेखाण, पायऱ्या पायऱ्यांची, यापेक्षा चांगला ट्रॅक पैसे देऊन बांधून घ्यायचा म्हटलं तरी मिळणार नाही. (पावसाळ्यात सड्यावर फुलं येतात तेव्हा मात्र तिकडे गाडी नेत नाही, पोरांना पण नेऊ देत नाही.)

तर मुद्दा असा की मी एवढा अनुभवी मेकॅनिक, आणि पहिल्या वर्षी गाडीची जी वाट लावली ती मीच लावली. तेल देऊन देऊन लावली.

झालं काय की चाकाच्या बेअरिंगला थोडा खरखर आवाज यायला लागला. मी सवयीप्रमाणे टाचणीने बेअरिंगचं रबरी सील उचकटलं आणि आत बसच्या हबचं ग्रीस गच्च भरलं, अंगठ्याने दाबून दाबून, जसं आयुष्यभर भरत आलो. नातू बघत होता, म्हणाला आबा बसला पण असंच करायचे का, मी म्हटलं मग काय! दुसऱ्या दिवशी चाक हाताने फिरवून सोडलं तर अर्धा फेरा घेऊन उभं. गाडीचा पिकअप गेला, बॅटरी लवकर उतरायला लागली, मोटर हात लावता येणार नाही इतकी तापायला लागली. मग बसलो हिशोब करत. बसचं टायर साधारण एक मीटर व्यासाचं, ताशी ६० ने बस धावली तर चाक मिनिटाला ३०० फेरे घेतं. या गाडीचं टायर ११ सेंटीमीटरचं, आणि ही ४० ने पळते म्हणजे चाकाचे मिनिटाला १९०० फेरे होतात. वर वजन बघा, बसच्या हबवर टनाटनाचा भार आणि इथे अख्खी गाडी दोन अडीच किलोची. ते ग्रीस बेअरिंगच्या आतल्या या पिटुकल्या गोळ्यांना पेलवणारच नाही, त्या गोळ्या चिखलात रुतलेल्या म्हशीसारख्या अडकून बसतात. इथे लागतं पातळ तेल, आणि किती, तर एक थेंब. आमच्या हिच्या शिलाई मशीनचं तेल मी वापरतो, त्याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. बाटली परत जागेवर ठेवत नाही म्हणून घरात जे काही ऐकून घ्यावं लागतं तो खर्च वेगळा.

आता त्या सढळ हाताबद्दल. इंजिनाचे व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायला आम्ही वर्कशॉपात लॅपिंग पेस्ट वापरायचो. ती काय असते माहितीये? कार्बोरंडमची, म्हणजे धार लावायच्या दगडाची पूड आणि ग्रीस, बास. लोखंड झिजवायला मुद्दाम बनवलेली वस्तू. तुम्ही गाडीच्या उघड्या गिअरला तेल लावून ती जांभ्याच्या धुळीत पळवली की तीच पेस्ट घरच्या घरी, फुकटात तयार होते. सुकी धूळ गिअरवर पडते आणि उडून जाते, ओला गिअर तिला धरून ठेवतो. मोटरवरचा छोटा पिनियन स्टीलचा आणि त्याला लागून फिरणारा मोठा स्पर गिअर प्लास्टिकचा, ही जोडी कोरडीच चालवायची असते, त्या प्लास्टिकला तेल लागतच नाही, ते स्वतःच गुळगुळीत असतं. बुधवारी आलेल्या तीनपैकी एका गाडीच्या स्परचे दात करवतीसारखे टोकदार झाले होते. पोरगा म्हणाला काका मी तर रोज तेल देत होतो. रोज देत होतास म्हणूनच रे बाबा.

तसंच मागच्या चाकांकडे जाणारे शाफ्ट. आमच्या गाडीत ते एकात एक सरकणारे प्लास्टिकचे आहेत, काही गाड्यांत दोन्ही टोकांना गोळा असलेला लोखंडी दांडा असतो त्याला डॉगबोन म्हणतात. धुळीत चालवायची असेल तर हे सगळं कोरडं ठेवायचं, फडक्याने पुसायचं आणि सोडून द्यायचं. आणि स्लिपर क्लचला (धक्का बसला की घसरून गिअर वाचवणारी चकती) तर चुकूनसुद्धा तेल लागू देऊ नका, ज्याने कुणी बसची क्लच प्लेट तेल लागून घसरताना बघितलीय त्याला हे सांगायची गरज नाही, पोरांना मात्र सांगावं लागतं कारण त्यांना वाटतं फिरतंय ना, मग द्या तेल.

खरं काम ब्रशचं आहे. चालवून आणली की आधी बॅटरी काढून बाजूला ठेवायची, मग वरची बॉडी काढायची, आणि गाडी कोरडी असतानाच रंगाचा दोन इंची ब्रश आणि जुना टूथब्रश घेऊन दहा मिनिटं बसायचं. ओलं फडकं पहिल्यांदा नाही, ओल्या फडक्याने धूळ निघत नाही, फटीत सरकते. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण वीतभर लांबून, डोळ्याला चष्मा लावून, आणि बेअरिंगवर सरळ झोत नको, सील असलं तरी कडेने माती आत जाते. धुऊन काढलेलं सुटं बेअरिंग हवेवर भर्रर्र फिरवायची हौस सगळ्यांना असते, आम्ही पण उमेदवारीत असताना शिट्टी वाजवायचो तसली, फोरमनने एकदा कानाखाली वाजवली तेव्हा कळलं की बिनतेलाचं बेअरिंग असं फिरवलं की गोळ्या आणि रिंग दोन्ही खरचटतात, आणि फुटलंच तर तुकडा डोळ्यात जातो.

बेअरिंग धुवायची माझी पद्धत अशी. ब्लेडच्या टोकाने रबरी सील आतल्या कडेने हलकेच उचलायचं, बाहेरच्या कडेने उचकटलं तर वाकतं आणि परत बसत नाही. मोबाईल रिपेअरवाले बोर्ड पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) म्हणून एक स्पिरिट वापरतात ते थोडं आणायचं, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत बेअरिंग आणि स्पिरिट टाकून खुळखुळ्यासारखी हलवायची, स्पिरिट लाल होतं, ते टाकायचं, परत भरायचं, दोनतीनदा. मग कागदावर ठेवून पूर्ण सुकू द्यायचं, एक थेंब तेल, बोटाने फिरवायचं, बाहेर आलेलं तेल टिपून घ्यायचं, सील दाबून बसवायचं. झालं. एवढं करून पण खरखर करत असेल तर ते मेलेलं आहे, त्याला नमस्कार करा आणि नवीन आणा.

नवीन आणताना एक सांगतो कारण माझे पैसे गेलेत. आमच्या गाडीच्या चाकातलं माप आतून ५, बाहेरून ११ आणि जाडी ४ मिलीमीटर. मी दुकानात जाऊन ऐटीत आतलं बाहेरचं माप सांगितलं, त्याने ६८५ झेडझेड दिलं, घरी येऊन बघतो तर जाडी ५, बसेना. मागायचं असतं ते एमआर ११५. आणि पुढे टूआरएस असं सांगायचं, म्हणजे रबरी सीलचं. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, त्यातून आमच्याकडची पिठासारखी धूळ आरामात आत जाते. तामिया या जपानी कंपनीचे लोक याच मापाला ११५० म्हणतात, ११ आणि ५ असं ते आहे, तो काही वेगळा माल नाही.

तामियावरून आठवलं, सगळीकडे ग्रीस वाईट असं पण नाही. आमच्या आळीत एक गृहस्थ मस्कतला होते, त्यांनी येताना मुलासाठी तामियाची ग्रासहॉपर आणली होती, हे मॉडेल १९८४ चं. ती माळ्यावर पडून होती, मागच्या वर्षी खाली काढली. तिच्या चाकांत बेअरिंग नाहीतच, प्लास्टिकचे बुश आहेत. बुशला गोळ्या नसतात, दांडा सरळ भिंतीवर घासतो, तिथे ग्रीस लागतंच, पातळ तेल टिकत नाही. गिअरबॉक्स पण बंद आहे तिचा, त्यात ग्रीस पाहिजे, आणि चाळीस वर्षांपूर्वीचं ग्रीस मेणबत्तीसारखं कडक झालं होतं ते खरवडून काढायला एक दुपार गेली. म्हणजे हिशोब सोपा आहे, डबा बंद असेल तर आत ग्रीस चालतं कारण तिथे धूळ पोचत नाही. उघड्यावर असेल तर कोरडं. बेअरिंगला थेंब. पावसात चालवणार असाल तर चाकाच्या बेअरिंगला तेलाऐवजी अगदी बोटाला लागेल इतकं ग्रीस लावतो मी, थोडी जड फिरतात पण पाणी बाहेर राहतं. मोटरच्या बेअरिंगला मात्र कधीच नाही, ती फार जोरात फिरते. साधी कार्बन ब्रशवाली मोटर असेल तर दोन्ही टोकांच्या बुशवर अर्धा अर्धा थेंब द्यायचा आणि हात आवरायचा, कारण तेल आत ओघळून कम्युटेटरवर (कार्बन ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल) गेलं की कार्बनची पूड त्याला चिकटून काळा काला होतो आणि मोटर मंदावते.

शॉकअपची गोष्ट तर सांगायलाच लाज वाटते. पुढचा एक शॉकअप गळायला लागला. त्याचं तेल संपलं होतं आणि घरात मोटरसायकलच्या फोर्कचं तेल पडलेलं होतं, म्हटलं काम तेच, तेल तेच. आठ दिवसांत दांडा वर खाली होईना. उघडून बघितलं तर आतल्या बारक्या ओ रिंगा फुगून डबल झालेल्या. यांच्या शॉकअपात सिलिकॉनचं तेल असतं आणि बहुतेक रिंगा पण सिलिकॉनच्या, त्यांना पेट्रोलियमचं तेल सोसत नाही. पेट्रोलमध्ये शॉकअप धुणाऱ्यांनी पण हे वाचून ठेवा. सिलिकॉन तेलाचा दुसरा गुण असा की मे महिना असो की जानेवारी, त्याचा जाडपणा फारसा बदलत नाही. डिफरन्शियलमध्ये (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) पण सिलिकॉनच, फक्त ते फार घट्ट, बाटलीवर ५ हजार, १० हजार असे घट्टपणाचे आकडे असतात, मधासारखं सावकाश पडतं, पहिल्यांदा भरलं तेव्हा बुडबुडे वर यायची वाट बघत मी चहा पिऊन आलो. शॉकअपच्या दांड्याला वरून तेल लावू नका, फक्त पुसा, तेलाने चिकटलेली माती दांड्याबरोबर आत जाते आणि रिंग कापते, गळती तिथून सुरू होते.

तेलावरून तेल निघालंय तर खोबरेल पण होऊन जाऊ दे. आपल्या कोकणात खोबरेल कशाला लावत नाहीत, डोक्याला, कुलपाला, दाराच्या बिजागरीला. एका पोराने बेअरिंगला लावलं. मे महिन्यात गाडी पळाली मस्त, पोरगा सगळ्यांना सांगत सुटला. जानेवारीत सकाळी गाडी हलेना म्हणून रडत आला. मी त्याला बाथरूममधली खोबरेलची बाटली आणायला सांगितली, उलटी केली, थेंब पडेना. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली थिजतं, हे त्याच्या आजीला ठाऊक होतं, पण बेअरिंगच्या आत पण तसंच होतं हे कुणाच्या डोक्यात येणार!

आणि तो निळा पिवळा डब्बा, डब्ल्यूडी-४०. त्याला लोक तेल समजतात. नावातच लिहिलंय त्याचं काम, डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं आणि ४० म्हणजे चाळीसाव्या प्रयत्नाला जमलं ते. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला बनलं, अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून वापरायचे. ओल्या बेअरिंगमधून पाणी काढायला एक नंबर. पण ते मारून तसंच सोडून दिलं तर आतलं चांगलं तेल पण धुऊन जातं आणि मागे जे उरतं ते फार दिवस टिकत नाही. मारा, पाणी बाहेर काढा, पुसा, आणि मग तो एक थेंब द्या.

पाण्याचं म्हणाल तर डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते रिसीव्हर, सर्वो, स्पीड कंट्रोलर या आतल्या इलेक्ट्रिकच्या भागांसाठी. बेअरिंग आणि स्क्रू काही वॉटरप्रूफ नसतात. चिखलात चालवायला माझी ना नाही, मजाच ती आहे, पण त्याच संध्याकाळी धुवा आणि सुकवा. चाकाला भोकं असतील तर टायरमधला फोम पाणी पितो, भोक खाली करून रात्रभर टांगून ठेवा नाहीतर आठ दिवसांनी वास येतो, काय वास येतो ते विचारू नका. बॉडी आणि टायर भांड्याच्या साबणाने धुतले की पुरे. बॉडीवरचा स्टिकरचा चिकटा काढायला एका मुलीने आईचं नेलपेंट काढायचं पाणी वापरलं, तिची पारदर्शक बॉडी डोळ्यादेखत दुधाळ झाली आणि दुसऱ्या दिवशी तडकली. त्यात अ‍ॅसिटोन असतं, थिनर पण तसलाच, बॉडीच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिकार्बोनेटला, दोन्ही चालत नाहीत.

समुद्रावर नेऊ नका असं मी सांगतो आणि माझा स्वतःचाच नातू ऐकत नाही. भाट्याच्या बीचवर ओल्या वाळूत गाडी काय सुंदर पळते हो, मागे वाळूचा कारंजा, लाट आली की वळवायची, सगळी माणसं बघत उभी. घरी आलो, दमलो होतो, म्हटलं सकाळी बघू. सकाळी स्क्रूंची डोकी तांबूस झाली होती. आठ दिवसांत बेअरिंग गेली आणि अ‍ॅलन कीने स्क्रू काढायला गेलो तर गंजलेली डोकी गोल होऊन बसली, दोन ड्रिल करून काढावे लागले. तेव्हापासून नियम असा की बीचवर गेलोच तर बरोबर पाच लिटरचा कॅन गोड्या पाण्याचा असतो, बॅटरी काढून तिथेच धुवायची, आणि घरी आल्यावर जेवण नंतर, आधी गाडी.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतीला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, तिथे एवढ्याशा बेअरिंगचं काय. मी गाडी झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो, चप्पल बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या जमवून त्यात टाकतो, खाली लाकडी ठोकळा देतो म्हणजे चाकं अधांतरी राहतात आणि स्प्रिंगा दबत नाहीत. बॅटरी त्या डब्यात नाही, ती वेगळी, आणि लिपो (लिथियम पॉलिमर) जातीची असेल तर फुल चार्ज करून महिनोन्‌महिने ठेवायची नाही, एका सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायची, चार्जरमध्ये स्टोरेज म्हणून बटण असतं ते त्यासाठीच आहे.

त्या तीन गाड्यांपैकी दोन मी एव्हाना खोलून धुऊन दिल्या. तिसरीचा स्पर गिअर मुंबईहून यायचाय, तो आला की तीही होईल.

आपल्याला विनंती एवढीच की त्या वाक्याची दुरुस्ती छापा, आणि शक्यतो गणपतीच्या आधी छापा. चाकरमानी येतात तेव्हा त्यांच्या पोरांच्या बॅगांतून या गाड्या येतात, पोरं चिरेखाणीत जातात, आणि घरातला कोणीतरी काका हमखास तेलाची बाटली घेऊन पुढे येतो. माझं नाव मात्र छापू नका, पडवीत जागा नाही.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर मेकॅनिक, रत्नागिरी

ता.क. पत्र वाचून दाखवलं तर ही म्हणते शिलाई मशीनच्या तेलाचं लिहिलंस ते ठीक, पण स्वतःची वेगळी बाटली विकत आणायची असते हे पण लिही. लिहिलं.